चिकटपट्टीवाला रिमोट

गणपतीचा तिसरा दिवस, संध्याकाळ

दर गणपतीला मुंबईहून येणारा माझा चुलतभाऊ प्रसाद आज हरला. सात-शून्य! आम्ही बर्फ पाहिलाय तो मासळीच्या पेटीतलाच, पण बर्फावरच्या हॉकीचा तो जुना व्हिडिओ गेम लहानपणापासून सुटत नाही. चांगला रिमोट कायम त्याचा. त्यावर खूण म्हणून त्याने चिकटपट्टी लावलेली. बटण अडकणारा माझा.

यंदा तो यायच्या आधी मी ती चिकटपट्टी सोडवून अडकणाऱ्या रिमोटला लावली. त्याने सवयीने तोच उचलला. वाईट केलं का मी? असेल. पण ती चिकटपट्टी दर गणपतीला डोळ्यांत खुपायची!

आरती सुरू होईपर्यंत तो कुरकुरत होता, "बटण चालणाच नाय रे!"

वीस वर्षं त्याच्याकडून ऐकलेलं उत्तर मी त्यालाच दिलं, "बटणाक काय झाला नाय. तुकाच खेळाक येणा नाय."