सुईत दोरा ओवणारे डोळे

सोलापूर

चि. भगिनी नीलम्मास आशीर्वाद.

नातू अजिंक्यच्या घरी माझी उत्तम बडदास्त आहे. तुझे गुडघे कसे आहेत?

"सुईत दोरा ओवता येतो, मग मधुमेहाने डोळ्यांचे काय बिघडवले?" हा तुझा युक्तिवाद मलाही मान्य होता, मीही बारीक अक्षर वाचतोच. परंतु परवा येथील रुग्णालयात डोळ्यांत औषध घालून बाहुल्या मोठ्या केल्या आणि डोळ्याच्या पडद्याचे छायाचित्र काढले, त्यात रक्ताचे ठिपके निघाले. म्हणजे आपले अनुमानच सदोष होते. घाबरू नकोस, वेळेत कळले, लेझरने आवरेल असे डॉक्टर म्हणतात.

ते छायाचित्र व साखरेच्या नोंदी संशोधनासाठी द्याल का, असे तेथील कीर्ती नावाच्या मुलीने विचारले. माझी वकिली जागी झाली. नाव जाईल का? कोण पाहील? नकार दिला तर?

"नाव न्हाय जात, आजोबा. नको म्हणला तरी उपचार थांबत न्हाय. पर साक्षीदाराला पानी तरी पिऊ द्या की!"

मी सही केली. कुणी अनोळखी माणसांनी आपले डोळे आधी असेच दाखवले, म्हणून माझे ठिपके ओळखता आले. त्यांचे आभार मानण्यास माझ्याजवळ पत्ते नाहीत. ही सही म्हणजेच माझे आभार.

गुरुवारी तुझेही डोळे तपासून घेऊ, औषधाने काही वेळ धूसर दिसते म्हणून तुझ्या शिवराजला सोबत घेऊन ये. सुईदोरा अवश्य आण. औषध घालण्यापूर्वी ओवून दाखव. मी हार मान्य करीन. तुझ्या डोळ्यांचे छायाचित्र मात्र त्यानंतरही काढायचे आहे.

तुझ्या वाटेकडे डोळे लावून,
सिद्रामअण्णा