भट्टीत न गेलेल्या पिना

४ जून, बुधवार

दादाच्या गाडीच्या पिस्टनच्या पिना आमच्या कारखान्यात क्रोमचा मुलामा चढून निघाल्या. काय चकाकतात! बघून भांग पाडावा! रविवारच्या शर्यतीसाठी दादा स्वतःच न्यायला आला. "छोटे, काय हात आहे तुझा!" म्हटलं, "हात राहू दे, गाडी सांभाळून चालव." "झालं हिचं सुरू!" — आणि गेलासुद्धा.

५ जून, गुरुवार

भट्टी गार आहे. कालही गारच असणार!

क्रोमच्या टाकीत पोलादात हायड्रोजन शिरतो. म्हणून पिना बाहेर काढल्या की लगेच भट्टीत तापवायच्या, म्हणजे तो निघून जातो. नाहीतर वरून आरसा आणि आतून ठिसूळ. इंजिनात कधी तुटेल, सांगता येत नाही.

भट्टीचं काम ह्यांच्याकडे. विचारलं, "दादाच्या पिना तापवल्यात ना?"

"ठेवल्या होत्या." डोळे चहाच्या कपात.

"ठेवल्या होत्या की तापवल्या होत्या?"

हळूच म्हणाले, "भट्टीची कॉइल जळलीय गं. दादा घाई करत होता. एकदा नाही तापवल्या तर काय आभाळ कोसळणार आहे?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ओरडले नाही. कारखान्यात सगळे बघत होते.

६ जून, शुक्रवार

त्याच घाण्यातली एक जादा पिन काल प्रेसखाली दाबून ठेवली होती. सकाळी बघते तर दोन तुकडे!

तुकडे ह्यांच्यासमोर आपटले. चेहरा पांढराफटक. "मालकांना कळलं तर नोकरी गेली. आणि दादा माझं तोंड बघणार नाही. काहीतरी दुसरं कारण सांग ना."

मी मूर्ख, विरघळले. दादाला फोन केला — पॉलिशमध्ये जरा कसर राहिलीय, त्या पिना शर्यतीला नको, परत पाठव.

"दर शर्यतीआधी तुझं काहीतरी असतंच! मागच्या वेळी स्वप्न पडलं होतं." हसला. मग म्हणाला, "बरं, बघतो."

बघतो म्हणजे काय? त्याचं 'बघतो' मी लहानपणापासून ओळखते.

७ जून, शनिवार

पिना आल्या नाहीत. हे घरात मांजरासारखे वावरतात, त्याचाही राग येतो. फोन हातात घेते, ठेवते. भित्री मेली!

८ जून, रविवार, सकाळ

सांगितलं! ह्यांच्यासमोरच फोन लावला. भट्टी, कॉइल, तुटलेली पिन — सगळं. "दादा, पाया पडते, गाडी सुरू करू नकोस."

दादाचा आवाज, कधी ऐकला नव्हता असा —

"पॉलिश कमी आहे म्हणालीस ना? म्हणून मी शर्यतीला नवा संच घातला. तुझ्या वहिनीच्या गाडीचं इंजिनही तसंच. तुझ्या पिना काल तिच्या गाडीत बसवल्या. ती पहाटेच पोरांना घेऊन घाटाने माहेरी निघालीय."

वहिनीचा फोन लागत नाही.