आर्ट्सचं राहिलेलं क्रेडिट

प्रिय मेधा,

ईराचा बारावीच्या विषयांचा फॉर्म परवा, शुक्रवारी, शाळेत द्यायचा आहे. तू ठरवलेला एक विषय मी त्यात बदलतो आहे. "आईला सांगितल्याशिवाय मी सही करणार नाही," असं तुझ्या मुलीचं म्हणणं. आईला सांगायचं म्हणजे नेमकं काय करायचं, ते तिने माझ्यावर सोडलं. म्हणून हे पत्र.

तुला जाऊन चौदा महिने झाले. ऑफिसने मला ज्या बाईंकडे चार वेळा बोलायला पाठवलं, त्यांनी पहिल्याच दिवशी सुचवलं होतं की बायकोला एक पत्र लिहा. मी मान डोलावली आणि लिहिलं नाही. काय लिहिणार होतो? तू नाहीस हे तुला कळवण्यात अर्थ नव्हता. आता निदान विषय तरी आहे.

ईरा नववीत जाणार होती तेव्हाची गोष्ट. तू भलामोठा कागद आणून जेवणाच्या टेबलावर पसरलास आणि दोन दिवस आम्हाला ताटं मांडीवर घेऊन जेवायला लावलंस. नववी ते बारावी, दर वर्षाचे विषय, आणि प्रत्येक वर्षाला दोन रकाने: 'इथे' आणि 'तिकडे'. 'इथे' म्हणजे या शाळेतून डिप्लोमा मिळायला काय लागतं. 'तिकडे' म्हणजे आपण पुण्याला परत गेलो तर प्रवेशाच्या वेळी कुणी काय विचारेल. फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी तिन्ही असले की तिकडे कुणी अडवत नाही, असं तू ठरवून टाकलं होतंस. त्यामुळे जिथे जिथे मोकळी जागा होती तिथे तू सायन्स भरलंस. इंग्रजी, गणित, हिंदी, पीटी, समाजसेवेचे तास, सगळं जागच्या जागी. आणि अगदी खाली, बारावीच्या कोपऱ्यात, बारीक अक्षरात: 'आर्ट्स - कुठेतरी बसवणे'.

ते बसत नाही, मेधा.

सोमवारी मी अर्धी रजा काढून शाळेत गेलो होतो. ईराच्या काउन्सेलर, मिस लिम, यांना तू ओळखतेस. त्यांना तू आवडायचीस, कारण तू प्रश्न लिहून न्यायचीस. मी नुसता गेलो. त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवला. सगळीकडे हिरव्या खुणा, एकच लाल.

"शी इज डुइंग सो वेल, मिस्टर दातार," त्या म्हणाल्या. "ओन्ली वन थिंग. आर्ट्स, वन फुल क्रेडिट. नॉट डन येट."

आर्ट्सचे, म्हणजे चित्रकला, सिरॅमिक्स वगैरेंचे, जे वर्ग पुढच्या वर्षी आहेत ते सगळे दुपारच्या एकाच तासाला भरतात, आणि बायोलॉजीचा वर्गही त्याच तासाला. दोन्हींपैकी एक घ्यायचं. बायोलॉजी ठेवलं तर आर्ट्ससाठी एक सत्र जास्त, म्हणजे ईराच्या वर्गातली मुलं जूनमध्ये बाहेर पडणार आणि ही डिसेंबरमध्ये, एकटी.

मी म्हणालो, "बट इट्स ओन्ली ड्रॉइंग."

मिस लिमनी त्या लाल खुणेवर बोट ठेवलं. "नो आर्ट्स, नो डिप्लोमा, मिस्टर दातार. सेम फॉर एव्हरीबडी."

तुला हसू येतंय का? मला तिथेच आलं होतं, पण ते योग्य दिसलं नसतं. आपल्या दोघांच्याही शाळांत चित्रकलेचा तास हा गणिताच्या बाईंचा जादा तास असायचा. परीक्षा जवळ आली की बाई दारात उभ्या राहायच्या, "आज मी घेते हं," म्हणायच्या, आणि चित्रकलेचे सर मास्तरांच्या खोलीत परत जायचे. प्रगतिपुस्तकात चित्रकलेपुढे सगळ्या वर्गाला 'ब'. त्या 'ब'मुळे कुणी नापास झाल्याचं आपण ऐकलं होतं का कधी? तू या शाळेचे नियम नीट वाचले होतेस, त्यात आर्ट्सचं क्रेडिट आहे हे तुला माहीत होतं. ते खरोखर लागतं यावर मात्र तुझा विश्वास बसला नाही. माझाही बसला नसता. तुझ्या चार मैत्रिणींनी त्या कागदाचे फोटो काढून नेले होते. काल मी चौघींना मेसेज केला की आर्ट्सचं बघून घ्या. तिघींचं ताबडतोब उत्तर आलं आणि त्यावरून कळलं की त्यांनीही ते बारावीतच ठेवलंय.

पण हे तुझ्यावर ढकलून मोकळा होईन म्हटलं तर तेही जमत नाही. शाळेने एक मेल पाठवला होता. मुलांनी आर्ट्स शेवटच्या वर्षावर ठेवू नये, तास एकमेकांवर येतात, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. काल शोधला. ईराच्या दहावीच्या वर्षातला, आपल्या दोघांच्या नावे आलेला. त्या आठवड्यात तुझी दुसरी केमो होती. तू तो वाचण्याच्या स्थितीत नव्हतीस. मी होतो. तुझ्या पलंगाशेजारी बसून मी ऑफिसचे मेल वाचत होतो, त्यांना उत्तरंही देत होतो. शाळेचं काही आलं की ते तू बघणार, ही मला इतकी सवय होती की तुझ्या हाताला सुई लावलेली दिसत असूनही मी तो मेल तसाच ठेवला. याची मला लाज वाटते. लोकांच्या मालाच्या विम्याचे दावे तपासून त्यात कोणती अट पुरी झालेली नाही हे शोधण्याचा मला पगार मिळतो, आणि माझ्या मुलीच्या कागदावरची अट मला दिसली नाही.

तू गेल्यावर दोन महिन्यांनी अकरावीचा फॉर्म आला तेव्हाही मी काय केलं? तुझ्या कागदावरचं बघून उतरवून काढलं. सही केली. आपण फार जबाबदारीने वागलो असं त्या दिवशी मला वाटलं होतं.

सोमवारी मिस लिमकडून निघाल्यावर ईराला घेऊन घराजवळच्या हॉकर सेंटरमध्ये, त्या खाण्याच्या टपऱ्यांच्या मंडईत, गेलो. ती फिशबॉल नूडल्स घेऊन आली. मी म्हणालो, बायोलॉजी सोडून दे, प्रश्न मिटला.

"नो," ती म्हणाली. "आय'ल डू द एक्स्ट्रा सेमिस्टर. इट्स फाइन लाह, बाबा." वाक्याला 'लाह' अजूनही जोडतेच, इथल्या सगळ्या मुलांसारखं.

"तुला डॉक्टर व्हायचंय का?"

"नो."

"बायोलॉजी आवडतं?"

"नॉट रिअली."

"मग सिरॅमिक्स घ्यायला काय हरकत आहे? मातीची भांडी तर करायची."

"दॅट ऑल्सो आय डोन्ट लाइक." मग नूडल्स ढवळत, माझ्याकडे न बघता, मराठीत म्हणाली, "आईने लिहिलंय ना. मग तेच करायचं."

मी म्हणालो, आईने लिहिलं तेव्हा तिला वेळापत्रक माहीत नव्हतं. त्यावर तिने जे सांगितलं ते मला माहीत नव्हतं. तू हॉस्पिटलमध्ये तिला जवळ बसवून म्हणालीस, 'मी लिहिलंय तसं करत जा, म्हणजे बाबांना काही बघावं लागणार नाही.'

हे तू का म्हणालीस, मेधा? पंधरा वर्षांच्या मुलीला? मला ते लागलं. मी समोरच्या ट्रेमधलं सगळं संपवलं, पण काय खाल्लं ते आता सांगता येणार नाही. मग वाटलं, दुसरं काय म्हणणार होतीस तू? मी काही बघेन असं तुला वाटावं, असं मी इतक्या वर्षांत काय केलं होतं? तू मला त्रासातून सोडवलंस आणि ते ओझं तिच्या दप्तरात टाकलंस. तुझा हेतू चांगला होता. तरी मला तुझा थोडा राग आला आहे, आणि तो तुला कळवल्याशिवाय पुढे लिहिणं बरं दिसत नाही.

काल शाळेची माहितीपुस्तिका फोनवर उतरवून घेतली आणि ऑफिसमधून येताना वाचायला सुरुवात केली. हार्बरफ्रंटला मेट्रोत बसलो ते बुओना व्हिस्टाला गाडी बदलायला उतरायचं विसरलो आणि पुढे गेलो. परतीची गाडी येईपर्यंत फलाटावर उभं राहून उरलेली वाचली. एकेक अट ईराच्या नोंदींशी ताडून पाहिली. तुझं सगळं बरोबर निघालं. पीटी पुरं, भाषा पुरी, समाजसेवेचे तास तर लागतात त्याहून जास्तच. तुझ्या कामात एवढी एकच चूक सापडली, हे मी व्यवसायाने तपासनीस म्हणून सांगतो.

राहिला 'तिकडे'चा रकाना. त्याबद्दल आपण कधी नीट बोललो नाही. पुण्याला परत तुला जायचं होतं. मला कुठेही चाललं असतं, म्हणून मी होकारही दिला नाही आणि नकारही दिला नाही, आणि तू रकाना आखत राहिलीस. ईराला पुणे सुट्टीत दोन आठवडे आवडतं. तिसऱ्या आठवड्यात ती घरी कधी जायचं असं विचारते, आणि घर म्हणजे तिच्या मनात हा क्वीन्सटाउनचा फ्लॅट असतो. बायोलॉजी काढलं की तो रकाना अपुरा राहतो. मी तो अपुरा ठेवणार आहे. तू असतीस तर यावर भांडलो असतो आणि तूच जिंकली असतीस, हे मान्य.

काल संध्याकाळी जेवणं झाल्यावर टेबलावर फॉर्म ठेवला. बायोलॉजीच्या जागी सिरॅमिक्स लिहिलं, सही केली आणि पेन ईराकडे दिलं. तिने घेतलं नाही. आईला सांगा म्हणाली. सांगतो म्हटलं, तरी हात पुढे येईना.

"आता काय?" मी विचारलं.

तिने फॉर्म माझ्याकडे सरकवला. मग म्हणाली, "आफ्टर ग्रेड ट्वेल्व्ह देअर इज नथिंग, बाबा. शी डिडन्ट राइट एनीथिंग."

तेव्हा मला कळलं. ती बायोलॉजीसाठी अडून बसली नव्हती. जूनमध्ये शाळा संपली की तू सांगितलेलं सगळं करून संपणार होतं. एक सत्र जास्त घेतलं असतं तर तू तिला डिसेंबरपर्यंत पुरली असतीस.

मी तिच्या शेजारच्या खुर्चीत जाऊन बसलो. ती रडली, मीही रडलो, तू गेल्यापासून पहिल्यांदाच तिच्यासमोर. मग तिने नाक पुसलं आणि विचारलं की बारावीनंतर तिने काय करावं. मी म्हणालो, मला माहीत नाही. "मी टू," ती म्हणाली.

तर हे सांगायचं होतं. ईरा आपल्या वर्गाबरोबर जूनमध्ये बाहेर पडेल. त्यानंतरचं मी लिहून देणार नाही, मेधा. ते मला तुझ्यासारखं जमणार नाही आणि तिलाही आता ते नको आहे. पण तिला कळत नसेल तितके दिवस मी तिच्याबरोबर न कळता बसेन, तिला घाई करणार नाही, आणि तुझी आठवण काढायला तिला कुठल्या विषयात पास व्हावं लागणार नाही याची काळजी घेईन. एवढं मी तुला कबूल करतो.

हे पत्र आता तिला वाचायला देतो. ती शेजारच्या खोलीत पेन घेऊन बसली आहे.

तुझा,
अनिरुद्ध