गोदाक्काची विहीर दिल्लीला गेली

६ सप्टेंबर, रविवार
आधी आली ती गोदाक्काच. पाव्हण्यांची गाडी अजून गल्लीच्या तोंडाशी, आणि ही आमच्या फाटकात उभी. मास्क हनुवटीखाली, अंगावर नवं इरकल. म्हटलं, "आक्का, लग्न हाय व्हय कुठं?" तर म्हणते, "आमच्या रोहिणीच्या पार्टीची माणसं येऊलालीत न्हवं?" आमच्या! नात माझी. थोरली जाऊ म्हणून सगळ्यात पहिला वाटा हिचा, तो आता नातीतबी.

रोहिणी बेंगळुरूला कामाला होती. कोरोना आला तशी वडगावला आली ती आलीच. जगाला रोग, मला सण. एका लहानशा पक्षाचं काम करते, झाडं, पाणी, हवा असलं बघणारा पक्ष. दिल्लीत त्यांचा खासदार एकच, तीपण बाई. पण एक असली म्हणून काय झालं, ती बोलते ते रोहिणीनं लिहिलेलं असतं. माझ्या लेकाची लेक घरात आमटी-भात खाऊन लिहिते आणि पार्लमेंटात वाचतात! दूधवाल्याला सांगितलं, भाजीवालीला सांगितलं, कॅम्पातल्या बहिणीला फोन करून दोनदा सांगितलं. ती म्हणाली, मागल्या वेळीच सांगितलंस की. सांगितलं असंल.

पाव्हणे दोघं. निपाणीच्या सुजाता मॅडम आणि एक चष्मेवाले, ते कन्नडच बोलतात. आत यायला तयार न्हाईत. चहा नको. चिवडा केलता, नको. प्यायचं पाणीसुद्धा आपलंच आणलेलं. मागितलं ते एकच, विहिरीचं पाणी. डायिंगवाले सुताच्या रंगाचं पाणी नाल्यात सोडतात, ते झिरपून आमच्या परसात येतं, कधी तांबूस, कधी निळं. ते तपासून खासदारबाई दिल्लीत बोलणार. आमच्या दोराला हात लावायचा न्हाय, रोगाची भीती, म्हणून दोन बाटल्या फाटकावर ठेवल्या. तुम्हीच भरून आणा म्हणाले. एक मला, एक गोदाक्काला. तिची विहीर भिंतीपलीकडं. रोहिणी आत दिल्लीशी फोनवर.

मी बादली काढली. वर तवंग, खाली गाळ. माणूस दारात येऊन काही घेईना, एक पाणी मागतो, आणि त्याला हे द्यायचं? तुरटी फिरवली, बसू दिलं, मलमलच्या फडक्यातनं दोनदा गाळलं. काचेसारखं झालं. गोदाक्कानं उपसलं तसं ओतलं, बाटलीला बाहेरनं शेवाळ. लाज न्हाय.

८ सप्टेंबर, मंगळवार
रोहिणी चिडलीय. पार्लमेंट भरणार, पण कोरोनामुळं प्रश्न विचारायचा तासच काढून टाकला म्हणे. मोठ्या पक्षांना बोलायला भरपूर वेळ, हिच्या बाईला दोन मिनिटं, तीपण नंबर लागला तर. म्हटलं, पंगतीत शेवटाला बसलं की आमटीत नुसतं पाणीच येतं बाई. हसली. हसली की माझ्यासारखी दिसते. गोदाक्का म्हणते तिच्यासारखी. डोळे तपासून घे म्हणावं.

बापू, माझा लेक, रोहिणीचा बाप, गप गप आहे. त्याचा माग त्याच डायिंगवाल्याच्या सुतावर चालतो. "बोला बोला, सूत बंद झालं की कळंल." एवढंच बोलला, जेवून उठला.

११ सप्टेंबर, शुक्रवार
रिपोर्ट आला!! माझं पाणी पास. गोदाक्काचं नापास!
बापूला खासबागला पिटाळून खव्याचा गोड कुंदा आणवला. भिंतीवरनं गोदाक्काला वाटी दिली. तिनं घेतली, खाल्ला नसंल.

संध्याकाळी. रोहिणी कागद घेऊन बसली, कपाळाला आठ्या. "आज्जी, दोन विहिरींत भिंत तेवढी आड. असं कसं?" म्हटलं, माझा हातच तसा हाय. मग तिनं सांगितलं ते असं, की खासदारबाईच्या भाषणात नापास विहीर घालतात. पास झालेलीचं काय सांगणार? म्हणजे दिल्लीत गोदाक्काचं नाव. "वडगावच्या गोदाबाई" असं लिहूनसुद्धा ठेवलंय.
कुंदा उगीच आणवला.

१३ सप्टेंबर, रविवार
गोदाक्का रोज येऊन बसते. लांब बसते, पण बसते. रोहिणी तिला विचारते, रंग कधीपासून दिसतो, अंगाला खाज येते का, आणि ती सांगते आपली रंगवून. खाज तिला न्हाय, मला येते. गुडघ्याखाली चट्टे आहेत. मी लुगडं जरा वर करून बसले, कुणी बघितलं न्हाय.
"आज्जी, तू जरा चहा टाकतीस?" रोहिणी म्हणाली.
टाकला. गोदाक्काच्या कपात साखर कमी.

१९ सप्टेंबर, शनिवार
आज झालं.
टीव्हीसमोर सगळी. गोदाक्का उंबऱ्यात खुर्ची टाकून. पार्लमेंटात सगळे मास्क लावून, मधी मधी प्लास्टिकचे पडदे. खासदारबाई मागच्या बाकावर, एवढीशी. कन्नडातनं बोलली. रोहिणीचे ओठ तिच्याबरोबर हलत होते. ते बघून मला भरून आलं, खोटं कशाला लिहू. मग "वडगावच्या गोदाबाई" आलं, आणि माझं भरून आलेलं तिथंच आटलं. गोदाक्कानं पदर डोळ्याला लावला. मला बघून लावला.

तेवढ्यात मोठ्या पक्षाचा एकजण उठला. हिंदीतनं म्हणाला, खासदार मॅडमनी दिलेल्या कागदातच आहे, शेजारची विहीर स्वच्छ निघाली. मग डायिंगचा काय दोष? ज्याची विहीर घाण, त्यानं ती साफ ठेवावी. लोक हसले. खासदारबाई बोलायला गेली, तोवर माईक बंद, वेळ संपली.

शेजारची विहीर म्हणजे माझी. गेली की न्हाय दिल्लीला! मी टाळी वाजवायला हात उचलला होता. मग रोहिणीकडं बघितलं. दोन्ही कागद तिनंच जोडलेले, खरं ते खरं म्हणून. तोंड एवढंसं झालेलं.
गोदाक्का उठून गेली. खुर्ची तशीच.

२२ सप्टेंबर, मंगळवार
गोदाक्का तीन दिवस आली न्हाय. गल्लीत बायका म्हणतात, विहीर साफ ठेवत न्हाय ती, दिल्लीत निघालं. डायिंगवाल्याचा मुनीम बापूला म्हणाला, तुझ्या आईची विहीर बघून शिका म्हणावं शेजारच्यांना. बापूला बरं वाटलं. मला आधी बरं वाटलं. मग जेवण गेलं न्हाय.
भिंतीवरनं बघितलं, तर गोदाक्का काठीसारख्या हातानं विहिरीचा कट्टा घासत होती. "आक्का," म्हटलं. तिनं वर बघितलं न्हाय. म्हणाली, "तुझी स्वच्छ हाय न्हवं, मग झालं."
असलं बोलणं ती कधी बोलत न्हाय. भांडली असती तर बरं होतं.

२४ सप्टेंबर, गुरुवार
आज आमच्या विहिरीत निळं पाणी आलंय. नीळ घातल्यासारखं. तिच्याकडंबी असणार.
सुजाता मॅडमचा फोन आला. पक्षाला लाज वाटायची पाळी आली, म्हणून दोन्ही विहिरींचं परत घेणार, या वेळी मॅडम स्वतः हातमोजे घालून उपसणार. खासदारबाई पुढच्या वेळी परत मांडणार, नंबर लागला तर.
रोहिणीनं फोन ठेवला आणि माझ्यासमोर येऊन बसली. "आज्जी, बाटली भरताना तू काय केलंस गं?"
म्हटलं, आधी जेव.
जेवली. परत विचारलं न्हाय, पण मी भांडी घासताना शेजारी उभी राहिली.

तुरटीचं, गाळल्याचं सांगितलं तर गोदाक्का सगळ्या गल्लीत खरी ठरणार, आणि मी जन्मभर ऐकणार. न्हाय सांगितलं तर रविवारी माझं पाणी निळं निघणार, आणि डायिंगवाले म्हणतील हिच्या पक्षानंच रंग ओतला. माझ्या पोरीचं लिहिणं खोटं ठरंल. हिला आधी सांगावं, का गोदाक्काला, का मॅडमसमोरच...
रविवारी, २७ तारखेला येतो म्हणालेत दोघं. सकाळीच, ऊन व्हायच्या आत.