कोपऱ्यातलं स्टूल

प्रिय आई,

निकाल लागला. आमचा दुसरा नंबर आला. लगेच "जाऊ दे, देव बघतोय" म्हणून पत्र घडी करून ठेवू नकोस. पहिला नंबर आपल्या पायांनी आमच्या दारात आला होता, आम्हीच त्याला परत पाठवलं. सगळं सांगते, पण केळी तळून झाल्यावर वाच, नाहीतर घाणा करपवशील आणि नाव माझं घेशील.

स्पर्धेचा विषय होता अंत्यविधीला सगळं घराणं एकसारखं नेसतं ते कापड. तिघातिघांनी मिळून नक्षी काढायची, पहिली येईल ती गिरणी छापणार. माझ्याबरोबर कॉलेजातली मावुएना आणि टमाले गावचा फुसेनी. मावुएना रंग बघते आणि तोंड चालवते. फुसेनी कमी बोलतो, पण एका चौकटीची कड दुसरीला अशी जुळवतो की सांधा शोधून सापडत नाही. कापडभर परत परत छापायची ती चौकट काढायचं काम माझ्याकडे होतं. मी स्टुलं काढली, गोल करून मांडलेली, घराणं जमतं तशी. मग हात थांबेना, म्हणून एक स्टूल गोलाबाहेर, पार कोपऱ्यात काढलं. मावुएना म्हणाली, "या बाईला गं कोणी उठवलं पंगतीतून? दुसऱ्यांदा फुफूचा गोळा मागितला वाटतं!" मी हसले नाही.

मग मी त्यांना सांगितलं. तुला न विचारता सांगितलं. बाबांच्या कार्याला त्यांच्या गावी, मम्पोंगला, सगळ्यांनी घराण्याचं कापड नेसलं होतं, लेक म्हणून मलाही मिळालं, आणि तुझ्यासाठी आलंच नाही. आत्या म्हणाली, "तिच्या घरी दारूच्या बाटल्या घेऊन रीतसर लग्नाची मागणी घालायला आम्ही कधी गेलो होतो?" बाबांच्या आजारपणात उशापायथ्याला बसलीस तू, आणि त्या दिवशी शेवटच्या मांडवात, परक्या माणसांत, जुनं काळं नेसून बसलीस. घरी येताना मला म्हणालीस, "काळं ते काळंच, त्यात काय बघायचं?" मला तुझा फार राग आला होता. अजून येतो.

फुसेनी सगळं ऐकून उठला. माझ्या चौकटीच्या प्रती काढून आणल्या आणि जमिनीवर एकीला एक लावून मांडल्या. म्हणाला, "इकडे ये. नुसतं बघ." एका चौकटीत कोपऱ्यात पडलेलं ते स्टूल, चौकटी शेजारी शेजारी लागल्या की चार गोलांच्या बरोबर मधोमध येत होतं. कापडभर कुठेही बघ, तेच मध्ये. मी हे ठरवून काढलं नव्हतं, शपथ. मावुएना खालीच बसून रडायला लागली आणि वर मलाच म्हणते, "नाक पूस, कागद भिजवशील."

परीक्षक होते गिरणीचे साहेब. माणूस भला आहे. नक्षी त्यांना मनापासून आवडली. म्हणाले, "पोरांनो, ते मधलं स्टूल तेवढं काढा. नजर तिथंच अडकते. ते गेलं की पहिले तुम्हीच." पहिल्या गटाला गिरणीत शिकाऊ नोकरी मिळणार होती, आणि फुसेनी कॉलेजात आला तोच तिच्यासाठी. म्हणून मी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. तोच बोलला, "साहेब, सगळं कापड त्या स्टुलावर जुळलंय. ते काढलं तर माझा सांधा सुटेल." धडधडीत खोटं! सांध्याला काही झालं नसतं. मावुएना कशी मागे राहील? "आणि बसलेल्या बाईला आम्ही उठवत नाही, साहेब."

गिरणी नाही तर नाही. आम्ही कॉलेजच्या शेडमध्ये स्वतःच्या हातांनी छापलं, पांढऱ्यावर काळं. काही ठिकाणी रंग फुटलाय, पण सांधा कुठे दिसणार नाही.

पत्रासोबत आपल्या एजुराच्या गाडीच्या ड्रायव्हरकडे पिशवी दिली आहे. तिच्यात तुझं कापड आहे. शनिवारी बाबांच्या वर्षाचं कार्य, आणि तू जाणार नाहीस असं मामाकडून कळलं. जायचं, आई. आत्यानं याही वेळी तुझ्यासाठी कापड ठेवलेलं नाही, मी विचारून घेतलं, आणि मला पाठवलेलं परत केलं. शुक्रवारी मी येते आहे, मावुएना आणि फुसेनीला घेऊन. चौघंही हेच कापड नेसू आणि पहिल्या मांडवात, पहिल्या रांगेत बसू. एकीची भाषा तुला कळत नाही, दुसऱ्याची नमाजाची वेळ तुला सांभाळावी लागेल, पण एकसारखं नेसून आलेली माणसं म्हणजे घराणंच. आत्या विचारेलच, हे कुठलं घराणं? तेव्हा मान खाली घालू नकोस. सांग, माझं.

तुझीच,
सेर्वा