कठड्याचा लेअर

सोमवार, ४ तारीख

नोकरी लागली, आणि खुर्चीसुद्धा फिरणारी मिळाली! इमारतींचे नकाशे काढणाऱ्या बाईंचं हे ऑफिस म्हणजे दोन खोल्या. एकीत बाई, दुसरीत मी, प्रिंटर आणि शिपाईकाका. खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत दिसते, दुसरं काही नाही. तरी रमेन असं वाटतंय. शब्द टाकला भावजींनी. बाईंच्या साइटवर ते सुपरवायझर आहेत, आणि ताईचं लग्न झाल्यापासून मला धाकट्या बहिणीसारखंच वागवतात. मी राहतेही त्यांच्याकडेच. मुलाखतीत बाईंनी विचारलं की नकाशाचं सॉफ्टवेअर पूर्ण येतं का. मी म्हटलं, पूर्ण. खरं तर अर्धवट येतं. पण भावजी शेजारीच बसले होते, त्यांचं नाक कापलं गेलं असतं.

बुधवार, ६ तारीख

फाइलींचा नुसता उकिरडा आहे. माझ्या आधीचा माणूस प्रत्येक फाइलला ‘फायनल’ म्हणायचा. फायनल, नवी फायनल, खरी फायनल, बाईंची फायनल. मी प्रत्येक कामाचा वेगळा फोल्डर केला, मजल्यांप्रमाणे नावं दिली, जुन्या प्रती बाजूला काढल्या. मापं कुठे मीटरमध्ये, कुठे मिलिमीटरमध्ये. एका नकाशात दुसरा आणून ठेवला तर अख्खं घर माशीएवढं झालं! सगळं एकसारखं करून ठेवलं. बाईंनी शिपाईकाकांसमोर पाठ थोपटली. मग काय, मी दिवसभर हरभऱ्याच्या झाडावर.

शुक्रवार, ८ तारीख

आता वाचनालयाचं काम. भावजी याच साइटवर आहेत. वरच्या मजल्याच्या मधोमध मोठी चौकोनी पोकळी ठेवलीय, खालचं दालन दिसावं म्हणून, आणि तिच्याभोवती कंबरेइतका कठडा. नकाशात लेअर असतात, म्हणजे एकावर एक ठेवलेले पारदर्शक कागदच म्हणायचे. भिंतींचा एक, दारांचा एक, कठड्याचा एक. हवा तो दाखवायचा, नको तो बंद करायचा. कठड्याच्या लेअरवर एक माणूस काढलेला सापडला. वरून पाहिलेला, नुसतं डोकं आणि खांदे, कठड्याला टेकून उभा. जागेचा अंदाज यावा म्हणून अशी माणसं नकाशात घालतात. बाईंना मात्र असली सजावट आवडत नाही. मी खोडला.

सोमवार, ११ तारीख

परत आलाय. खोडला, फाइल सेव्ह केली, बंद करून उघडली, तर स्वारी हजर. आणि आता कठड्याच्या आतल्या बाजूला, अगदी पोकळीच्या काठावर. एक कोपर बाहेर आलेलं, हात कानाशी. बाईंना विचारायला उठले आणि परत बसले. ‘पूर्ण येतं’ म्हणून सांगणाऱ्या मुलीला एक माणूस खोडता येईना, हे कोणत्या तोंडाने सांगायचं? त्यात बाईंनी प्रिंटची घाई लावली. शेवटी मी तो लेअरच बंद केला. माणूस गेला, प्रिंट स्वच्छ निघाला. शिपाईकाका तो साइटवर देऊनही आले.

मंगळवार, १२ तारीख

लेअरबरोबर कठडाही गेला. आज ध्यानात आलं. साइटवरचा शिरस्ता असा की नवा प्रिंट आला की जुना फाडून टाकायचा, घोटाळा नको म्हणून. म्हणजे त्यांच्याकडे आता कठडा कुठेच नाही. सांगायला बाईंच्या दारापर्यंत गेले. त्या फोनवर कुणाला तरी माझंच कौतुक ऐकवत होत्या. तशीच मागे फिरले.

गुपचूप नवा प्रिंट पाठवावा म्हणून लेअर पुन्हा चालू केला, तर कठड्याच्या रेघाच नाहीत. फक्त तो. बाजूला काढलेल्या जुन्या प्रती उघडल्या. त्यांतही फक्त तोच. कठडा नव्याने काढला, पण फाइल उघडली की गायब. उद्या सांगते. उद्या नक्की.

बुधवार, १३ तारीख

नाही सांगितलं.

जेवताना भावजींनी विचारलं की कठडा रद्द केला का. उद्या पोकळीवरच्या फळ्या काढायच्या आहेत, कठडा असेल तर आधी तो बांधून घेतो, असं म्हणाले. ताई वाढता वाढता म्हणाली की तिला काय विचारायचं, बाईंचा उजवा हात आहे ती आता. मी म्हटलं, हो, बाईंनीच काढायला लावला, नंतर तिथे काच बसणार आहे. काच! कुठून सुचली देव जाणे. भावजी बरं म्हणाले आणि माझ्या ताटात आणखी भात वाढला. लाजेने मेल्याहून मेल्यासारखं झालं, तरी सगळा भात संपवला.

गुरुवार, १४ तारीख

भावजींचा साइटवरून फोन. उचलला नाही. पुन्हा कठड्याचंच विचारणार. बाईंना परस्पर विचारणार नाहीत ते, मेव्हणीची तक्रार केल्यासारखं होईल ना.

तो काठावरच आहे. पण आज तोंड वर केलंय. वरून पाहिलेल्या माणसाला चेहरा नसतो, नुसतं डोकं असतं. याला डोळे आहेत. माझ्याकडे —

पुन्हा फोन. वाजू दिला.

दुपारी

काठावर नाही तो. सगळ्या फाइली धुंडाळल्या. खालच्या मजल्याच्या नकाशात सापडला, पोकळीच्या बरोबर खाली. नुसतं डोकं आणि खांदे नाहीत आता. हात, पाय, सगळा दिसतोय. वरून पाहताना माणूस सगळा कधी दिसतो — आडवा असला तरच.

भावजींना फोन लावतेय. लागत नाही. लागत नाही.

संध्याकाळ

बाई साइटवर गेल्या. शिपाईकाकाही. जाताना बाईंनी सांगितलं — भावजी — पोकळीतून. फळ्या काढल्या होत्या. फोन कानाला लावून मागे मागे सरकत होते म्हणे. कुणाला तरी सारखा लावत होते, समोरून कुणी उचलत नव्हतं. जागच्या जागी गेले. फोनचाही चुरा झाला.

मला म्हणाल्या की ताईकडे जा. कशी जाऊ —

रडू आलं नाही आधी. आधी मनात आलं की तो प्रिंट कुणी काढला हे आता सगळ्यांना कळेल. हेच आलं आधी. शी!

फोन वाजतोय.

भावजींचा नंबर.

चुरा झाला म्हणाल्या ना बाई —

स्क्रीनवर त्याने हात उचललाय. कानाशी नेतोय. थांबत नाही वाजायचा —

उचलते. आता खरं सांगते. भावजी, बाईंनी नाही, तो कठडा मीच —