अण्णांच्या निगेटिव्ह

अण्णा, तुम्ही जाऊन अकरा वर्षं झाली. फोटोचं दुकान अजून मिरजगावातच आहे, तुमची लेक म्हणून मीच चालवते. तुमच्या हातच्या फोटोंचं मी काय करून बसले, ते सांगायची अजूनही भीती वाटते.

नववीत असताना मी घाईत एका गिऱ्हाइकाला प्रिंटऐवजी निगेटिव्हच देऊन टाकली होती. तुम्ही ओरडला नाहीत. दुकानाला कुलूप लावलंत, मला एसटीत बसवलंत आणि कर्जतला त्या माणसाच्या दारात नेऊन उभं केलंत. "माग त्यांच्याकडनं," म्हणालात. परत येताना एवढंच बोललात, "फोटो कितीबी दे. निगेटिव्ह आपल्याकडंच पायजे. लोकं आपल्या भरवशावर हायेत." माझे कान तापलेले, आणि तुम्ही खिडकीबाहेर बघताय.

तुमच्यामागे त्या निगेटिव्ह एकमेकींना चिकटायला लागल्या, त्यांना आंबूस वास यायला लागला. दोन उन्हाळे बसून मी सगळ्या स्कॅन केल्या आणि तो चिकट गठ्ठा टाकून दिला. स्कॅन कॉम्प्युटरवर दिसायचे, आणि क्लाऊडवरही होते, म्हणजे कुठल्याशा कंपनीच्या लांबच्या यंत्रांवर. दोन ठिकाणी आहेत म्हणून मी निर्धास्त. मग जागा भरल्याचा निरोप मोबाईलवर रोज यायला लागला. एका दुपारी मी क्लाऊडवरचं तुमचं फोल्डर काढून टाकलं, तरी जागा सुटेना म्हणून तिथली कचरापेटीही रिकामी केली. कॉम्प्युटरवर आहेच की, असं मनात. दुसऱ्या दिवशी दुकान उघडून बघते, तर कॉम्प्युटरवरूनही फोल्डर गेलेलं. स्टुलावर बसून मी कॉम्प्युटर पुन्हा पुन्हा बंद-चालू करत राहिले.

तेवढ्यात दारात एक बाई आली, माझ्याच वयाची, ऊसतोडीला जाणाऱ्या घरातली. "ताई, तोडीला निघायच्या आदी अण्णांनी आमच्या टोळीचा फोटो काढला हुता. त्यात माजी आई हाय. त्याच साली वारली ती. दुसरा फोटोच न्हाई तिचा."

मी म्हणाले, "कॉम्प्युटर बिघडलाय. सोमवारी या."

"सापडंल न्हवं?"

"सापडेल," म्हणाले मी.

कर्जतहून कॉम्प्युटर दुरुस्त करणारा आला. बराच वेळ बघून म्हणाला, "मॅडम, ही दोन ठिकाणं न्हाईत, एकच हाय. तिकडं पुसलं की इकडंबी पुसतं. आन् जागा वाचवायची सोय चालू हुती. तुमच्याकडं फायलींची नुसती नावं हुती, फोटो सगळे तिकडंच." कंपनीला लिहिलं. परत मिळणार नाही, असं अदबीनं उत्तर आलं. मग त्या दुरुस्तीवाल्यानं विचारलं, "जुन्या कॉम्प्युटरची हार्डडिस्क टाकली का ठेवली?"

ती माळ्यावर होती, लग्नाच्या शूटिंगच्या लाइटांखाली. तो ती जोडतो आणि ती आतून कटकट वाजते, थांबते, पुन्हा वाजते. मी पदराचं टोक मुठीत धरून उभी आहे. शेवटी पहिल्या उन्हाळ्याचे स्कॅन उघडले. दुसऱ्या उन्हाळ्याचे नव्या कॉम्प्युटरवर केलेले, ते तिच्यावर नव्हतेच.

टोळीचा फोटो पहिल्यातला निघाला. सोमवारी ती बाई आली, प्रिंट हातात घेऊन कितीतरी वेळ बघत राहिली. "आई एवढी लहान हुती व्हय?" म्हणाली. फोटोतली बाई आम्हा दोघींपेक्षा लहान होती. मी तिला पाणी दिलं आणि आत जाऊन रडले.

आता प्रत्येक फोटो दोन डिस्कवर आहे. एक घरी असते, कशालाही न जोडलेली. क्लाऊडवर नुसती नक्कल जाते. पण तुमचे अर्धे फोटो गेले ते गेले. ते मागायला लोक अजून येतात.

हे पत्र मी कुणाला दाखवणार नाही, कारण अजून एक राहिलं आहे. मागच्या आठवड्यात घोडेगावहून एक म्हातारे बाबा आले, गेलेल्या मुलाचा फोटो मागत. तो दुसऱ्या उन्हाळ्यात स्कॅन केलेल्यांतला होता. मी म्हणाले, "अण्णांच्या वेळीच खराब झाला तो. नीट ठेवला गेला नाही त्यांच्याकडून." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "अण्णा तर लई जपायचे," म्हणाले, आणि काठी उचलून निघाले. मी त्यांना हाक मारली नाही.